केशव गोऱ्यांचे स्मारक, मृणालताईंचे दप्तर

केशव गोरे स्मारकाचा पत्ता गोरेगावात फारसा समजावून सांगावा लागत नाही. पश्चिमेला उतरायचे, आरे रोड धरायचा आणि विचारत जायचे. पण "केशव गोरे कोण?" असे विचारले की आजची तिशीतली माणसे जरा घुटमळतात आणि म्हणतात, "मृणालताईंचे यजमान ना?" उत्तर बरोबर आहे. मात्र १९५८ साली हे स्मारक करायचे ठरले, तेव्हा गोष्ट नेमकी उलटी होती. तेव्हा गोरेगाव ओळखत होते ते केशव गोरे यांना, आणि मृणालताई ही त्यांच्या बरोबरीने राबणारी त्यांची पत्नी होती. पत्नीने पतीसाठी उभे केलेले स्मारक पुढे पत्नीच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ही या संस्थेच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

२०२८ साली मृणालताईंची जन्मशताब्दी येते आहे. तिच्या तयारीसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे विश्वस्तांची यादी, उद्घाटने, इमारतीचा खर्च आणि वार्षिक अहवालांचा गोषवारा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. त्या गोष्टी लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक आहेत. मी या संस्थेची पदाधिकारी नाही. गोरेगावात वाढलेली, इथल्या सभांना मागच्या रांगेत बसत आलेली एक बाई आहे. मला लिहायचे आहे ते एवढेच, की एका राजकारणी बाईचा वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, आणि त्यासाठी या घराने आजवर काय केले आहे.

मृणाल मोहिले यांचा जन्म २४ जून १९२८ चा. बेचाळीसच्या चळवळीने ज्या पिढीला घराबाहेर काढले, त्या पिढीतल्या त्या. वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, हुशार होत्या, आणि ते शिक्षण अर्ध्यावर सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात उतरल्या. केशव ऊर्फ बंडू गोरे तिथेच भेटले. १९४८ मध्ये लग्न झाले. मोहिले आणि गोरे, जातीही वेगळ्या, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. संसार थाटला तो गोरेगावात.

ते गोरेगाव आज डोळ्यांसमोर आणणेही कठीण आहे. फिल्मिस्तान स्टुडिओ होता, आरे दूध वसाहत नुकतीच उभी राहत होती, पण कारभार ग्रामपंचायतीचा. मुंबईच्या इतक्या जवळ असून मुंबईच्या बाहेर. गोरे दांपत्याने काम सुरू केले ते अगदी हाताशी असलेल्या प्रश्नांपासून. बायकांना एकत्र आणणारे महिला मंडळ, सफाई कामगारांच्या वस्तीतले काम, आणि पन्नाशीच्या दशकात कुटुंबनियोजन केंद्र. या केंद्राविषयी जरा थांबून सांगायला हवे. मुले किती व्हावीत हा विषय नवऱ्याशीसुद्धा बोलला जात नव्हता, त्या काळात ओट्यावर बसलेल्या बायकांपाशी जाऊन तो काढायचा होता. अर्धवट राहिलेले वैद्यकीय शिक्षण तिथे कामी आले असणार. पण त्याहून जास्त कामी आली ती बाईशी बाईच्या भाषेत बोलण्याची त्यांची हातोटी. पुढे लाखांच्या सभा झाल्या तरी ताईंच्या बोलण्यात ओट्यावरचा तो सूर राहिला. मी ऐकलेल्या त्यांच्या भाषणांत हात उगारून आवाज चढवलेला मला फारसा आठवत नाही. मुद्दा, आकडा, नियम, आणि मग एक साधा प्रश्न.

ग्रामपंचायतीत त्या निवडून आल्या. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले होते, घरातले दोघेही त्यात. आणि १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तिशीच्या आसपास होत्या, पदरात लहान मुलगी होती.

पुढे काय झाले असते याची कल्पना करणे अवघड नाही. तरुण विधवा, मुलीची जबाबदारी, माहेरचा आधार. शिक्षण पुरे करून नोकरी धरली असती तर कुणी नाव ठेवले नसते. त्यांनी आणि गोरेगावातल्या सहकाऱ्यांनी केले ते असे, की बंडू गोरे यांचे काम थांबू द्यायचे नाही आणि त्यासाठी त्यांच्याच नावाने एक विश्वस्त संस्था काढायची. केशव गोरे स्मारक ट्रस्टचा जन्म हा असा आहे. चौकात एक अर्धपुतळा बसवून लोक मोकळे झाले असते, तर आज त्या पुतळ्याखाली रिक्षा उभ्या असत्या. त्याऐवजी एक जागा मिळाली, जिथे सभा घेता येते, शिकता येते, तक्रार घेऊन येता येते आणि वाद घालता येतो. रोज सकाळी कुलूप उघडावे लागते असे स्मारक.

१९६१ मध्ये मृणालताई मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या, आणि मग सुरू झाले ते पाण्याचे प्रकरण, ज्याने त्यांना आयुष्यभराचे नाव दिले.

पाण्याचा हा प्रश्न थोडा समजून घ्यायला हवा, कारण "पाणीवाली बाई" हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्यामागचे गणित फार थोड्यांना ठाऊक आहे. १ फेब्रुवारी १९५७ ला मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेला दहिसरपर्यंत वाढली. गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली एका दिवसात मुंबई झाले. कर मुंबईचे लागू झाले, नळ मात्र आले नाहीत. त्याच वर्षी वैतरणेवरचे धरण, म्हणजे आजचे मोडकसागर, पुरे झाले होते. शहराला पाणी वाढले होते. पण ते पाणी आधी जुन्या शहराकडे जाई, आणि उपनगरातल्या वाडीवस्तीला विहिरी, डबकी आणि कधीमधी येणारा टँकर. झोपडपट्टीची गत त्याहून वाईट. तिथे तर नळ द्यायलाच नियमाची मनाई, कारण अनधिकृत वस्तीला नळ दिला तर ती अधिकृत ठरेल अशी प्रशासनाला भीती. माणूस तहानलेला आहे की नाही हा प्रश्न कागदावर कुठेच नव्हता. कागदावर प्रश्न होता तो जमीन कुणाची याचा.

मृणालताईंनी ही गाठ सोडवण्याचा जो मार्ग धरला, तो मला त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली वाटतो. आधी वस्तीत जाऊन मोजायचे. किती घरे, किती माणसे, किती हंडे, किती अंतर. मग पालिकेच्या सभागृहात प्रश्न विचारायचा, आणि उत्तर आले की ते उत्तर घेऊन पुन्हा वस्तीत. तिथल्या बायकांना सांगायचे की तुमच्याबद्दल असे असे म्हटले आहे. मग मोर्चा. रिकामे हंडे, कळश्या, घागरी घेऊन बायका पालिकेवर निघत. मोर्च्यातली बाई जे बोले ते ऐकीव नसे, कारण तिच्याकडे तिच्या वस्तीचा आकडा असे आणि साहेबाने सभागृहात दिलेले उत्तरही तिला माहीत असे. मोर्चा संपला की शिष्टमंडळ आत. शिष्टमंडळात ताईंबरोबर वस्तीतल्या दोघीतिघी. अधिकाऱ्यापुढे खुर्चीवर बसून बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ असे. नळ पुढे आले, कुठे लवकर, कुठे वर्षानुवर्षे झगडून. पण त्या खुर्चीवर बसलेली बाई परत पूर्वीसारखी झाली नाही, आणि ही गोष्ट कुठल्याच जलवाहिनीच्या नकाशात दिसत नाही.

१९७२ मध्ये त्या समाजवादी पक्षातर्फे विधानसभेत गेल्या. तो दुष्काळाचा काळ. तेल, साखर, रवा, रॉकेल, सगळ्याच्या रांगा. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, कमलताई देसाई, तारा रेड्डी, मंजू गांधी. समाजवादी आणि कम्युनिस्ट एकाच व्यासपीठावर! ज्यांनी त्या काळचे राजकारण पाहिले आहे, त्यांनाच कळेल की पुरुषांच्या पक्षांना जे जमत नव्हते ते या बायकांनी स्वयंपाकघराच्या आधारावर जमवले होते. हातात लाटणे. ज्या हत्याराने रोज पोळ्या लाटायच्या, तेच घेऊन रस्त्यावर यायचे, कारण लाटायला पीठच नव्हते.

माझी आई त्या मोर्च्यात होती. आम्ही चाळीत राहत होतो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आई कधी एकटी स्टेशनच्या पलीकडे गेली नव्हती. त्या दिवशी चाळीतल्या सातआठजणी निघाल्या, आईने लाटणे पिशवीत लपवून घेतले, कारण जिन्यात आजोबा बसले होते. संध्याकाळी परत आली तेव्हा लाटणे हातात उघडे होते. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे थाळ्या वाजवायचा कार्यक्रम झाला तेव्हा ठरल्या वेळी चाळीच्या गॅलरीत सगळ्या बायका ताटे बडवत उभ्या राहिल्या, समोरच्या चाळीतून, मागच्या वाडीतून तोच आवाज, आणि आजोबांनी स्वतः पितळी परात काढून दिली. ती परात अजून माझ्याकडे आहे, काठाला पोचे आहेत. पोचे त्याच दिवसाचे आहेत असे मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण आई तसे म्हणत असे.

आणीबाणी आली तेव्हा ताई भूमिगत झाल्या, काही महिने पोलिसांना सापडल्या नाहीत, आणि १९७५ च्या डिसेंबरात पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगातले त्यांचे दिवस खडतर होते. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून गेल्या आणि मुंबईच्या भिंतींवर, तोंडातोंडी ती घोषणा झाली: "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." आरोग्यमंत्रिपदाची विचारणा झाली होती, त्यांनी ते घेतले नाही. दिल्लीतली ही वर्षे मी घाईने मागे टाकते आहे, कारण ताईंचे खरे काम दिल्लीत झाले असे मला वाटत नाही, आणि त्यांनाही तसे वाटत नसावे. त्या परत आल्या त्या याच रस्त्यावर, याच घरात.

ऐंशीचे दशक हा या संस्थेच्या आजूबाजूच्या कामाचा सर्वांत भरगच्च काळ. बाबुराव सामंत हे त्यातले दुसरे मोठे नाव. नियम, कायदा आणि हिशेब यांत त्यांच्याइतके बारीक लक्ष असलेला कार्यकर्ता विरळा. मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले ते सिमेंट वाटपाचे प्रकरण न्यायालयात नेणाऱ्यांत ते होते. १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा निकाल आला. ताईही त्या लढ्यात त्यांच्याबरोबर होत्या. दोघांनी मिळून त्याच दशकात आणखी एक काम हाती घेतले, त्याचे नाव नागरी निवारा परिषद.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातली जादा जमीन सरकारजमा होऊन गरिबांच्या घरांसाठी वापरली जायची होती. प्रत्यक्षात त्याच कायद्यातल्या सवलतीच्या कलमांतून जमीनमालक सुटत होते. परिषदेने या कलमांचा अभ्यास केला, आणि सवलत हवी तर त्या जमिनीवर गरिबांची घरे बांधा अशी मागणी लावून धरली. मोर्चे झाले, न्यायालयात फेऱ्या झाल्या, मंत्रालयाचे उंबरे झिजवून झाले. शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकाडांवर सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. आज बसचा वाहक तिथे "नागरी निवारा" असे ओरडतो आणि माणसे उतरतात. त्यातल्या कित्येकांना हे नाव एका आंदोलनाचे आहे हे माहीत नसेल. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला, तेव्हा ते दार बंद झाले. म्हणून दिंडोशीची ही घरे मला फार मोलाची वाटतात. तसे पुन्हा सहजी होणार नाही.

१९८३ मध्ये गोरेगावात स्वाधार सुरू झाले. घरात मार खाणारी, टाकलेली, छळली जाणारी बाई पोलीस चौकीत जायला घाबरते आणि माहेरी जायला लाजते. तिला बसून बोलता येईल, कुणीतरी नवऱ्यालाही बोलावून घेईल, वकील गाठून देईल, अशी जागा हवी होती. त्याच वर्षाच्या शेवटी भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आले. कायदा होण्याच्या आधीपासून गोरेगावात या बायकांसाठी दार उघडे होते, याचा अभिमान मला वाटतो. स्वाधारसारख्या कामाचा इतिहास लिहिणे मात्र अवघड आहे. तिथल्या नोंदी म्हणजे माणसांचे खासगी आयुष्य. जपून ठेवायच्या, पण उघड करायच्या नाहीत. किती बायका आल्या हे सांगता येते, कोण आल्या हे सांगता येत नाही, आणि तसेच राहायला हवे.

१९८५ मध्ये ताई पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भजलपरीक्षेचा धंदा तेव्हा मुंबईत उघड चालत होता. गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेले तंत्र मुलगी आहे का हे पाहायला वापरले जात होते. स्त्रीसंघटना, डॉक्टर, आरोग्य कार्यकर्ते मिळून त्याविरुद्ध उभे होते. विधानसभेत त्यांचा आवाज झाल्या त्या मृणालताई. त्यांनी अशासकीय विधेयक आणले. अशासकीय विधेयक बहुधा संमत होत नाही. मांडले जाते, चर्चा होते, मागे घेतले जाते. ताईंना हे माहीत होते. पण त्या चर्चेमुळे प्रश्न सरकारच्या दारात आला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला असा कायदा केला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडले. ज्या बाईने वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले होते, तिने वैद्यकशास्त्राच्या गैरवापरावर पहिला कायदेशीर चाप लावायला भाग पाडले.

शेवटची काही वर्षे ताई वसईला होत्या. १७ जुलै २०१२ ला त्या गेल्या.

त्यानंतर गोरेगावने त्यांचे नाव अनेक ठिकाणी दिले. पूर्व आणि पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. गाडी पुलावर चढताना पाटी दिसते, मला बरे वाटते. आणि केशव गोरे स्मारकात मृणालताई दालन झाले. दक्षिण आशियातील सामाजिक न्याय आणि शांतता यांसाठीचे संवादकेंद्रही त्यांच्या नावे इथेच आहे. म्हणजे पतीच्या नावाच्या घरात पत्नीच्या नावाची खोली, आणि त्या खोलीत तरुण मुले येतात, चित्रे लावतात, नाटके करतात, भांडतात. हे १९५८ च्या रीतीला धरूनच झाले. त्याबद्दल संस्थेचे मन:पूर्वक कौतुक केले पाहिजे.

पण मला यापुढचे काही सांगायचे आहे, आणि ते जरा आग्रहाने सांगणार आहे.

पुलाला नाव दिल्याने नाव राहते. ताईंनी काम कसे केले हे मात्र त्यातून कळत नाही. ते कळायला कागद लागतात, आणि ताईंचे कागद एका जागी नाहीत. ज्याला मी ताईंचे दप्तर म्हणते ते मुंबईभर विखुरलेले आहे. विधानसभेतली त्यांची भाषणे कार्यवाहीच्या जाडजूड खंडांत आहेत. महापालिकेतले प्रश्न सभांच्या इतिवृत्तांत आहेत. न्यायालयीन लढ्यांचे निकाल कायद्याच्या ग्रंथालयात आहेत. साधना साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत, वृत्तपत्रांच्या फायलींत बातम्या आणि लेख आहेत. रोहिणी गवाणकर यांनी ताईंचे चरित्र लिहून फार मोठे काम केले. पण चरित्रालाही ज्यावर उभे राहायचे ते कागद आधी टिकले पाहिजेत. आणि सर्वांत जास्त कागद आहेत ते कार्यकर्त्यांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके, कार्बन लावून काढलेल्या निवेदनांच्या प्रती, सभेच्या हिशेबाच्या वह्या, वस्तीतल्या घरांच्या हाताने केलेल्या याद्या, फोटो. आणीबाणीतले तर फार थोडे उरले असेल, कारण भूमिगत माणूस कागद मागे ठेवत नाही. वाचायचा आणि जाळायचा.

मुंबईची हवा कागदाची शत्रू आहे. चार महिने पाऊस, बाकी आठ महिने दमट. स्वस्त कागदावरची पत्रके तीसचाळीस वर्षांत तांबूस होऊन घडीवर तुटतात. टाचणीला गंज चढतो आणि गंज कागद खातो. कसर लागते, वाळवी लागते. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले फोटो एकमेकांना चिकटून बसतात, सोडवायला गेले की चेहराच निघून येतो. आणि या सगळ्यांहून मोठा शत्रू म्हणजे इमारतीचा पुनर्विकास. गोरेगावातल्या जुन्या चाळी आणि सोसायट्या एकामागून एक पडत आहेत. तात्पुरत्या भाड्याच्या घरात जाताना माणसे पहिल्यांदा माळा रिकामा करतात. रद्दीवाल्याच्या तराजूत गेलेले एखादे निवेदन कुठल्या वस्तीच्या नळाचा पहिला अर्ज होते, हे कुणाला कळणार?

आज या कागदांचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्ती अनधिकृत असली, अगदी २००० सालानंतरची असली, तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो खटला पाणी हक्क समितीने लढवला. ताई जाऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. म्हणजे साठच्या दशकात गोरेगावच्या बायका रिकामे हंडे घेऊन जे म्हणत होत्या, ते कायद्याच्या भाषेत यायला पन्नास वर्षे लागली. या पन्नास वर्षांत पालिकेने कोणती कारणे दिली, कोणती बदलली, कोणती तशीच राहिली, हे सलग कुणी लिहिलेले नाही. जो लिहील त्याला त्या हंड्यांच्या मोर्च्यांचे कागद लागतील. आणि ज्या वस्तीत आजही नळ नाही, तिथल्या कार्यकर्त्याला तर ते उद्याच लागतील. अर्ज कसा लिहावा, आकडा कसा मांडावा, उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हे ताईंच्या दप्तरात आहे.

"पाणीवाली बाई" या नावाबद्दलही एक गोष्ट मनात आहे. ते प्रेमाने दिलेले नाव आहे, मलाही प्रिय आहे. पण त्यात एकच बाई दिसते. मोर्चा एका बाईचा नसतो. ताईंच्या मागे ज्या शेकडो बायका चालल्या, ज्यांनी पोरे शेजारणीकडे ठेवली, ज्यांनी नवऱ्याची बोलणी खाल्ली, ज्या वस्तीत घरे मोजत फिरल्या, त्यांची नावे कुठे आहेत? पुढाऱ्यांची नावे बातमीत येतात. बाकीच्या "मोठ्या संख्येने उपस्थित महिला" असतात. ताईंना स्वतःला हे आवडले नसते असे मला वाटते. म्हणून जन्मशताब्दीच्या निमित्ताने संस्थेने एक काम मनावर घ्यावे. ज्या बायका आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या आहेत आणि ज्यांना तो काळ आठवतो, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मोबाइल लागतो, दोन तास लागतात आणि मध्ये न बोलता ऐकणारा एक तरुण माणूस लागतो. तारखा चुकतील, चुकू देत. तारखा खंडांतून तपासता येतात. जिन्यात बसलेल्या सासऱ्याची गोष्ट खंडांत नसते.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या शेजारणीच्या मुलाने घर रिकामे करताना एक पाकीट मला आणून दिले. त्यात मोर्च्याचा एक कृष्णधवल फोटो आहे. ताई पुढे आहेत, तोंड अर्धवट वळलेले, कुणाशी तरी बोलत आहेत. मागे बायकांची रांग. मागच्या बाजूला काही लिहिलेले नाही, ना तारीख, ना जागा. मी भिंग घेऊन बराच वेळ पाहत बसले. तिसऱ्या रांगेत एक बाई पाठमोरी आहे. चेहरा दिसत नाही. पण खांद्यावरून आलेल्या पदराला इरकली काठ आहे, आणि त्या पदराच्या टोकाला मी लहानपणी चघळून केलेली गाठ आहे. ती आई आहे.

फोटोच्या मागे पेनाने लिहू नये, शाई पुढे उतरते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहायचे असते. तसे मी आईचे नाव लिहिले. तिच्या डावीकडची ठेंगणी बाई आमच्या चाळीतली नाही. कपाळाला मोठे कुंकू आहे, हातात लाटण्याऐवजी झारा आहे, आणि एवढ्या गर्दीत ती एकटीच हसते आहे. हा फोटो मी स्मारकात आणून ठेवते आहे. ज्यांना तिचे नाव ठाऊक असेल त्यांनी या आणि लिहा, पेन्सिल तिथेच ठेवलेली असेल.